मथुराबायचा गळा

आमच्या शाळेत मथुराबायला नाव नव्हतं. पगाराच्या यादीत असेल, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. शिशुवर्गाच्या चार तुकड्या, चार मावश्या, आणि प्रत्येकीची ओळख तुकडीच्या नावावरून. मोरांची मावशी, माशांची मावशी. मी सशांची टीचर, ती सशांची मावशी. खारघरच्या त्या इंग्रजी शाळेत आम्ही दोघींनी सोळा वर्षं एकाच वर्गात काढली. त्यातलं पहिलं सबंध वर्ष मला तिचं नाव माहीत नव्हतं, आणि विचारावं असं वाटलंही नव्हतं. आज सांगताना लाज वाटते, पण आहे ते आहे.

बुटकी, भक्कम बांध्याची, सावळी. कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात मोरणी आणि अंगात शाळेनं दिलेला आकाशी एप्रन. या एप्रनचा तिचा एक नेम होता. सकाळी गेटच्या आत पाऊल टाकलं की पिशवीतून एप्रन काढायचा, झटकायचा, घालायचा. दुपारी सुटताना गेटच्या आतच उभं राहून तो उतरवायचा, चार घड्या करून पिशवीत ठेवायचा, आणि मगच बाहेर पडायचं. कितीही घाई असो, एप्रन घालून ती रस्त्यावर कधी दिसली नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, घरी जाऊन काढा की. पाच मिनिटांवर तर घर तुमचं."

"हा शालेचा हाय, टीचर," ती म्हणाली. "शालेतच बरा."

तिचं घर शाळेच्या मागच्या गावात. टॉवर यायच्या आधीपासूनचं गाव ते. ज्या जागेवर आमची शाळा उभी आहे तिथं तिच्या सासऱ्याची भातशेती होती, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही दुसऱ्या कुणाकडून. तिचा नवरा न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. चार दिवस घरी, आठ दिवस बाहेर. मुलगी एकच.

कामाला बाई वाघ होती. अठ्ठावीस पोरांची नाकं, बुटांच्या नाड्या, डब्यांची घट्ट बसलेली झाकणं हे सगळं एकटी सांभाळायची. कुठलं पोर आता उलटी करणार हे तिला त्याचा चेहरा बघून आधी कळायचं आणि ती बादली घेऊन हजर. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा सुरू. "इकरं ये रं राजा. हात बगू. आगो बाय, काय माती खाल्ली का काय?" पोरं खूश. नवीन आलेलं रडणारं पोर माझ्याकडे टिकायचं नाही, तिच्या कडेवर दोन मिनिटांत गप्प व्हायचं. खरं सांगायचं तर मला थोडा रागच यायचा.

मग ती तक्रार आली. एका मुलाची आई मोबाइलवर रेकॉर्डिंग घेऊनच ऑफिसात आली. त्यात तिचा चार वर्षांचा लेक जेवताना ठसक्यात म्हणत होता, "आजी, मना पानी दे गो. भात नाय खायाचा." तिथं बसलेल्या सगळ्यांना आधी हसू फुटलं. मग त्या बाई म्हणाल्या की एवढी फी आम्ही हे शिकायला भरतो का? हसू थांबलं. आमच्या को-ऑर्डिनेटर मॅडमनी मला बोलावलं. "तुम्ही मराठी आहात, तुम्हीच तुमच्या मावशीला नीट सांगा," म्हणाल्या.

आता माझं ऐका. मी लातूरकडची. इथं मुलाखतीला येण्याआधी माझ्या नवऱ्यानं आठ दिवस माझी उजळणी घेतली होती. ‘काय करायलास’ म्हणायचं नाही, ‘काय करतोयस’ म्हणायचं. मी इतकी घोकंपट्टी केली की पुढं आईशी फोनवरसुद्धा ‘करतेयस’ निघायला लागलं आणि ती म्हणाली, "कोण बोलायलंय?" अशी मी, दुसऱ्या बाईला तिची बोली आवर म्हणून सांगायला निघाले. आणि गंमत म्हणजे मला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. उलट मी तिचं भलं करतेय असंच वाटलं.

हात धुवायच्या बेसिनपाशी तिला गाठलं. पोरं रांगेत उभी होती. मी म्हटलं, "मावशी, मुलांशी जरा नीट बोलत जा. नाहीतर बोलूच नका, नुसतं काम करा. पालक तक्रार करतात."

तिनं नळ बंद केला. हात एप्रनला पुसले. "बरं, टीचर," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा आवाज बंद. चार शब्द तिनं पाठ केले होते, तेवढेच ऐकू यायचे: "कम बेबी. सिट बेबी. गूड बेबी." पोरं पहिले काही दिवस तिच्याकडे बघत राहायची. एक पोरगी मला म्हणाली, "टीचर, मावशी आजारी आहे का?" मी म्हटलं, नाही, मावशी आता शहाणी झाली. हे मी बोलले आहे. विसरता येत नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न निघालं. आम्ही तेव्हा गावातच भाड्यानं राहायचो. घरमालक पाटीलकाका आगरी, गावातले जुने. सकाळी सकाळी मांडवात गेले तर सगळी मंडळी ताटकळत बसलेली. नवरा हळदीला तयार, बायका तयार, भटजी पोथी उघडून बसलेले. मी पाटीलकाकूंना विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"धवलारनीची," त्या म्हणाल्या. "ती आल्याबिगर आमचा पाट हलत नाय."

मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतोच, पण लग्न लागतं ते धवलारणीच्या गळ्यावर. मांडव घालण्यापासून नवरी सासरी पाठवण्यापर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, त्याला धवला म्हणायचं. कुठंही लिहिलेलं नाही. सासूकडून सुनेनं, मावशीकडून भाचीनं तोंडी उचलायचं. चुकीच्या विधीला चुकीचा धवला म्हटला तर म्हाताऱ्या बायका भर मांडवात उठून उभ्या राहतात.

इतक्यात मांडवाच्या तोंडाशी गडबड झाली. लोक बाजूला सरकले. पाटीलकाका स्वतः पुढं गेले, पाणी दिलं, वाकून नमस्कार केला. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीची वेणी, ताठ मान. मी बघतच राहिले. आमची मावशी! सशांची मावशी!

ती पाटाजवळ बसली, एकदा चौफेर बघितलं, आणि सूर लावला. अहो, काय सांगू! तो आवाज त्या शरीरात कुठं मावत होता कोण जाणे. माईक नाही, पेटी नाही. ती एक ओळ म्हणायची, मागच्या बायका ती उचलायच्या, आणि तिच्या हाताच्या इशाऱ्यावर हळद पुढं यायची, तेल पुढं यायचं, मामा पुढं यायचा. नवऱ्याचा एक काका घड्याळ दाखवत म्हणाला, "आटपा जरा, मुहूर्त टळल." तिनं गाणं न थांबवता त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ओळ संपवली आणि मग म्हणाली, "तुमचा मुहूर्त तुमच्या मनगटाला हाय, दादा. माजा माज्या गल्यात हाय. बसा गुमान." काका बसला. भटजीसुद्धा हसले.

तिनं मला पाहिलं. ओळख दाखवली, पण अगदी जराशी, जशी मोठी माणसं दाखवतात तशी. सोमवारी शाळेत मात्र "कम बेबी, सिट बेबी." मी न राहवून विचारलं, "मथुराबाय," (नाव मला त्या मांडवात कळलं होतं) "तिकडे एवढा आवाज आणि इथं असं?"

"तिथं लोक मना काय समजतान? धवलारीन," ती शांतपणे म्हणाली. "तिथं मी तीच होतंय. इथं मावशी समजतान, तं मी मावशी होतंय. गला एकच हाय, टीचर."

तिच्या मुलीचं कळलं ते त्यानंतर वर्षभरानं. मयुरी आमच्याच शाळेत सहावीत होती. कर्मचाऱ्यांच्या मुलांना फीमध्ये सूट असायची, तीत शिकत होती. हुशार, चटपटीत, इंग्रजी फाडफाड. एकदा मैदानात पडली, गुडघा फुटला, आणि ओरडली, "मावशी! मावशी!" मथुराबाय वर्ग सोडून धावली. तिला उचललं, जखम धुतली, पट्टी बांधली. मी कौतुकानं म्हटलं, "बघा, मोठ्या मुलांनाही तुमचाच लळा." ती बादली उचलून वर्गाकडे निघाली. संध्याकाळी ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं, "टीचर, ती तिचीच मुलगी आहे. माहीत नाही तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. मथुराबाय डबे लावत होती. म्हणाली, "आदी आयेच बोलायची. ती रेकॉर्डिंगची गोष्ट झाली ना, तवा वर्गातली पोरं तिला चिडवाया लागली. मना पानी दे गो, मना पानी दे गो. तवापासून मावशी बोलते. शालेत मी सगल्यांची मावशी. तिची पन." पुढचा डबा उचलत म्हणाली, "तिला काय बोलू नका, टीचर. घरी गेली का माज्या गल्यात पडते."

मी बेसिनपाशी जे बोलले होते त्याचा धक्का एवढ्या लांब पोचला होता. तेव्हा मी तिची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

वर्षं गेली. मयुरी इंजिनियर झाली, महापेला एका कंपनीत लागली. तिथलाच एक मुलगा तिला आवडला. त्याच्या घरचे मूळचे पुण्याकडचे, आता खारघरला आमच्याच रस्त्यावर पंचविसाव्या मजल्यावर राहणारे. माणसं चांगली होती, वाईट मुळीच नव्हती. पत्रिका द्यायला मथुराबाय एका दुपारी माझ्या घरी आली. चहा घेतला, पत्रिका हातात दिली, पण उठेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"मयुरीनं सासरी सांगितलाय, आई शालेत हाय. त्यांना वाटलं टीचर हाय." ती हसली. "खोटं काय नाय त्यात. शालेतच हाय ना मी."

मी हसले नाही. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आनि धवला नको बोलली. हॉल हाय एसीचा. त्यांचा कोन कार्यक्रमवाला मानूस हाय, त्यानं मिनटं लावून ठेवल्यान. म्हनते, आये, तू नुसती छान साडी नेसून पुढं बस."

"मी बोलते तिच्याशी," मी उठलेच.

"नको. मी शबुद दिलाय तिला."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं ना!" ती एकदम म्हणाली आणि तिचे डोळे भरले. सोळा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "या गावातली एकेक पोर मी धवला गाऊन पाटावर बसवली, धवला गाऊन सासरी पाठवली. दोनशे पोरी असतील, जास्तीच. आनि माजी पोर मुकी जानार. लोकांच्या पोरींना माजा गला चालला, माज्या पोरीला त्याची लाज वाटते. माजं काय चुकलं सांगा तुमी."

तेव्हा कुठं मी ते बोलले, जे बोलायला मला इतकी वर्षं लागली. म्हटलं, "तुमचं नाही, माझं चुकलं. त्या बेसिनपाशी मी तुम्हाला गप्प केलं. ते तुमच्या मुलीनं उचललं."

तिनं डोळे पुसले. "तुमी कुठं बोललात," म्हणाली. "शाला बोलली. तुमी बी तिथं एप्रनच घालून होतात."

लग्नाच्या दिवशी मी पाटीलकाकूंच्या शेजारी बसले. हॉल चकाचक होता. फुलांच्या कमानी होत्या, गालिचा होता आणि कानाला यंत्र लावून फिरणारा तो कार्यक्रमवाला मुलगा होता. मुलाकडचे एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. मथुराबाय पहिल्या रांगेत, ऑफिसातल्या खुर्चीवर बसावं तशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचा नवराही शेजारी कडक इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसला होता.

नवरीच्या प्रवेशाची वेळ झाली. दिवे मंद झाले, फुलांच्या चादरीखालून मयुरी आली, आणि स्पीकरवर गाणं सुरू झालं. ढोलकीच्या ठेक्यावरचा एक आगरी धवला! त्या मुलानं हौसेनं, काहीतरी पारंपरिक हवं म्हणून इंटरनेटवरून शोधून लावला होता. मुलाकडची मंडळी खूश होऊन मोबाइल काढून शूटिंग करायला लागली.

इकडे गावाच्या बाजूच्या बायका मात्र एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पाटीलकाकू छातीवर हात ठेवून पुटपुटल्या, "आगो बाय माजे! हा तं पाठवनीचा लावलान! नवरी अजून आयली बी नाय, नि पाठवतान तिला!" मागं एका म्हातारीनं काठी आपटली. दोघी उठून उभ्या राहिल्या. कुणी हसत होतं, कुणी चिडलं होतं, आणि सगळ्या बायकांच्या माना एकाच दिशेला वळल्या. मथुराबाय खाली बघत होती. तिचा जबडा हलत होता. पण शब्द दिला होता ना! बसून राहिली.

गालिच्याच्या मध्यावर मयुरी थांबली. फोटोवाल्यानं पुढं या म्हणून हात केला. ती हलेना. मान तिरकी करून ऐकत होती. मला तेव्हा लक्षात आलं की या मुलीनं पाळण्यात असल्यापासून हेच ऐकलं आहे. शाळेत, कॉलेजात, महापेच्या ऑफिसात कितीही दडवलं तरी कुठल्या धवल्यात नवरी येते आणि कुठल्या धवल्यात जाते हे तिच्या कानाला पक्कं ठाऊक होतं. तिचा चेहरा लालबुंद झाला. आणि मग भर हॉलमध्ये, पाचशे माणसांसमोर तिनं हाक मारली.

"आये!"

मथुराबायनं मान वर केली.

"आये, हा पाठवनीचा हाय ना?"

"व्हय बाय," मथुराबाय म्हणाली.

"मंग बंद कर ना गो! मना आताच कशाला पाठवतेस? तू गा. तू गायल्याबिगर मी पुढं नाय येत."

मथुराबाय उठली. धावली वगैरे अजिबात नाही. आधी पदर खोचला. मग सावकाश त्या स्पीकरवाल्याच्या टेबलाशी गेली आणि बोटानं खूण केली. गाणं थांबलं. कार्यक्रमवाला मुलगा गडबडून म्हणाला, "मॅडम, आपला टाइम..." तिनं त्याच्याकडे पाहिलं. तीच नजर, पाटीलकाकांच्या मांडवातली. तो दोन पावलं मागं गेला. कुणीतरी माईक पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

आणि गायली. गावच्या बायकांनी ओळ उचलली तेव्हा त्या हॉलच्या काचा थरथरल्या असं मला वाटलं, आता त्याला कुणी काहीही म्हणो. मयुरी तिच्या सुरावर एकेक पाऊल टाकत पुढं आली. रडत होती, रंगवलेलं सगळं तोंड ओघळलं होतं, पण मान ताठ. अगदी आईसारखी.

नवऱ्या मुलाची आई, जिच्याशी माझी ओळख सकाळीच झाली होती, आमच्या बाजूला येऊन हळूच म्हणाली, "किती सुंदर गातात! त्या तुमच्या शाळेत म्युझिक टीचर आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "मावशी आहेत. लहान मुलांची नाकं पुसतात, हात धुवून देतात. माझ्याच वर्गात आहेत. आणि इथं त्या धवलारीण आहेत." माझा आवाज गरजेपेक्षा जरा मोठाच निघाला. त्या बाई क्षणभर गोंधळल्या. मग पर्समधून रुमाल काढून डोळे टिपत म्हणाल्या, "मयुरीनं सांगायला हवं होतं हो. आम्ही आधीच ऐकलं असतं."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मथुराबाय जेमतेम दोन महिने शाळेत होती. तेवढ्या काळात तिनं वर्गातली बोली परत सुरू केली, आणि को-ऑर्डिनेटर मॅडम माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की मुलं तिच्याकडे रडायची थांबतात, हवं तर पालकांना माझ्याकडे पाठवा. त्या दिवशी एका पोराला मीही बोलून गेले, "काय करायलास रं?" पोरगं खुदकन हसलं. काही आकाश कोसळलं नाही.

शाळेतलं तिचं शेवटचं चित्र मनात आहे ते तिच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातलं. सुट्टीची वेळ. मयुरी आणि तिचा नवरा पेढे घेऊन आले होते. गेटवर नवीन वॉचमन. तो म्हणाला, "किससे मिलना है?" मयुरीनं नाव सांगितलं. वॉचमननं आत बघून ओरडून विचारलं, "मथुरा कौन है?" गेटपाशी कुणालाच कळेना. शेवटी मयुरीनं गेटच्या गजांतून तोंड आत घालून हाक मारली, "आये!"

मथुराबाय एका पोराची नाडी बांधत होती. ती तशीच उठली आणि गेटकडे निघाली. मी व्हरांड्यातून बघत होते. वाटलं, आता थांबेल, एप्रन उतरवेल, चार घड्या करेल. थांबली नाही. आकाशी एप्रन अंगात तसाच ठेवून गेटच्या बाहेर गेली, रस्त्यावर उभी राहिली आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवला.

आतून सशांची सगळी फौज गजांना लटकली. "मावशी, ही कोण? मावशी, ही कोण आली?"

मथुराबाय वळली. त्या रस्त्यावर, त्या टॉवरांच्या खाली, मांडवातल्या आवाजात म्हणाली, "ही? ही माजी पोर हाय."